युद्धकलांबद्दल विकिपीडियावर वाचलेलं कितपत खरं मानावं?

शाळेच्या वार्षिक अंकासाठी कराटे, केरळचं कलरीपयट्टू आणि मर्दानी खेळांवर लेख लिहायचाय, विकिपीडियाचा आधार घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण अख्ख्या पानाला एकच मार्क देऊ नका. स्पर्धेचे नियम, वजनगट, संघटनांची नावं हा भाग बहुधा ठीक असतो. तो नियमपुस्तिकेवरून ताडता येतो आणि चुकला तर कुणीतरी दुरुस्त करतं. 'उगम' आणि 'गुरुपरंपरा' हे भाग मात्र संशयानेच वाचा. ते लिहिणारे अनेकदा त्याच शैलीचे विद्यार्थी असतात आणि गुरूने सांगितलेली गोष्ट त्यांना पुराव्याइतकी पक्की वाटते.

पान कसं आहे हे पाहायचं तर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा जागी बोट ठेवा. शाओलिन या चीनमधल्या बौद्ध मठाच्या पानावर बोधिधर्म या भिक्षूचं नाव शोधा. भिक्षूंना व्यायाम त्याने शिकवला, ही कथा 'यीजिन जिंग' या ग्रंथावर उभी आहे. पण तो ग्रंथ 1624 चा मानला जातो आणि त्याला जोडलेल्या जुन्या तारखांच्या प्रस्तावना बनावट आहेत. उलट शाओलिनच्या भिक्षूंनी 621 मध्ये, पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनच्या बाजूने लढाईत भाग घेतला, याची नोंद 728 च्या शिलालेखात आहे. पान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतं का, कथेला 'दंतकथेनुसार' म्हणतं का, ते बघा. दोन्ही एकाच दमात सांगितल्या असतील तर त्या पानाचा इतिहास बाजूला ठेवा.

दुसरी जागा तायक्वांदो. हे नाव 1955 चं. त्याआधी 1945 नंतर कोरियात ज्या शाळा निघाल्या, त्यांतल्या अनेकांचे संस्थापक जपानी कराटे शिकलेले होते. तरीही 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' हे वाक्य पानापानांवर सापडतं, आणि त्याखाली संदर्भ बहुतेकदा संघटनेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा. संघटनेचं संकेतस्थळ नियमांसाठी उत्तम आधार आहे, स्वतःच्या प्राचीनतेसाठी नाही. तिसरी जागा काळा पट्टा. मळून मळून पट्टा काळा झाला, असं लिहिलेलं दिसलं तर पान बंद करा. काळ्या पट्ट्याची पद्धत 1880 च्या दशकात जिगोरो कानो यांनी जूदोत आणली.

यानंतर वर 'इतिहास पहा' दाबा. एकूण किती संपादनं झाली याला फार महत्त्व देऊ नका, वादाच्या पानावर शेकडो संपादनं निव्वळ ओढाताणीची असतात. कोणता परिच्छेद पुन्हा पुन्हा उडवला आणि परत टाकला जातोय ते शोधा, वाद नेमका तिथे आहे. मग 'चर्चा' उघडा. कलरीपयट्टूसारख्या पानावर 'सर्व युद्धकलांची जननी' अशी वाक्यं येतात तेव्हा त्यांना पुरावा काय, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाय का आणि उत्तर पुस्तकाच्या पानक्रमांकासह आलंय का, ते पाहा. मजकुरात 'संदर्भ हवा' अशी खूण दिसली तर बिचकू नका. कुणीतरी ते वाक्य तपासायला घेतलं होतं एवढाच तिचा अर्थ. खूणही नाही आणि संदर्भही नाही, असा गुळगुळीत परिच्छेद जास्त धोक्याचा.

संदर्भांची यादी लांब आहे म्हणून खूश होऊ नका. निदान पाच संदर्भ उघडा. क्लासची जाहिरात, व्हिडिओ, मृत दुवा हे वगळून काय उरतं ते मोजा. पुस्तक असेल तर एक खास युक्ती आहे. पुस्तकाचं प्रकाशनवर्ष बघा आणि ते वाक्य पानावर केव्हा आलं तेही 'इतिहास पहा'मधून काढा. वाक्य आधीचं, पुस्तक नंतरचं आणि शब्द तेच असतील, तर बहुधा पुस्तकानेच विकिपीडियावरून उतरवलंय. असा संदर्भ म्हणजे चोरानेच दिलेली साक्ष.

पान शिळं झालंय का हेही कळतं. कोडोकान या जूदोच्या मूळ संस्थेची मान्यता असलेली फेकतंत्रं 67 लिहिली असतील तर पान 2017 च्या आधीचं राहिलंय. आता 68 फेकतंत्रं आणि 32 पकडीची, मिळून 100 आहेत. मराठी पानांत ही अडचण जास्त येते, कारण इंग्रजी पानाचा अनुवाद एकदा होतो आणि मूळ पान पुढे बदलत राहतं. म्हणून दोन्ही भाषांतली पानं शेजारी उघडून आकडे जुळवा.

मर्दानी खेळांचं पान वाचताना एक गोष्ट पक्की धरा: शस्त्र जुनं म्हणून आजचा खेळ तितकाच जुना ठरत नाही. दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला), फरीगदका (ढाल आणि काठी) ही शस्त्रं मराठ्यांच्या लढायांत होती, हा एक दावा. कोल्हापूरच्या तालमींत आज दाखवतात ते हात आणि पवित्रे त्याच काळापासून तसेच आलेत, हा दुसरा, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा मिळाला, हे बातमीच्या आधारे लिहिता येतं. दांडपट्टा किती जुना हे त्याच बातमीवरून लिहू नका. त्यासाठी मराठी विश्वकोश आणि बडोद्याहून निघालेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश पाहा. दुसरी बाजूही खरी आहे. वस्तादांच्या तोंडी असलेलं बरंच ज्ञान कुठे छापलेलंच नाही आणि छापील आधाराशिवाय विकिपीडिया ते घेत नाही. पानावर नाही म्हणून ते खोटं, असं समजू नका.

हयात प्रशिक्षकांची चरित्रं लेखात शक्यतो वापरूच नका. 'दहावा दान' (काळ्या पट्ट्यातली सर्वांत वरची श्रेणी) दिसला की तो कुणी दिला ते विचारा. स्वतःच काढलेल्या संघटनेचा असेल तर त्याला अर्थ नाही.

लेखात संदर्भ देताना नुसतं 'विकिपीडिया' न लिहिता तुम्ही वाचलेल्या आवृत्तीची तारीख आणि तिचा कायमचा दुवा द्या. शक्य असेल तिथे पानाखालचं मूळ पुस्तक स्वतः पाहून त्याचंच नाव द्या. चूक सापडली तर थेट खोडण्याआधी चर्चापानावर दोन ओळी टाका, पुस्तकाचं नाव आणि पानक्रमांकासह. नुसतं 'हे चूक आहे' म्हणून खोडलेलं अनेकदा तासाभरात परत येतं.