महालात राहून झोपडीचं भजन

प्रिय बेटा,

तू लिहिलंस की आजीकडे भजनाला 'या झोपडीत माझ्या' म्हणतात आणि प्रसाद वाटून झाला की तीच मंडळी फ्लॅटचे भाव काढतात. मग विचारलंस, झोपडी एवढी चांगली तर तू पैशासाठी मस्कतला कायले गेलीस? आणि गाण्यातला महाल म्हणजे आपलाच महाल का?

आधी सोपं. गाण्यातला महाल कुठल्याही राजाचा. पण नागपुरातल्या आपल्या महाल वस्तीचं नाव इथल्या भोसले राजांच्या वाड्यांवरून पडलंय, म्हणून उदाहरण घरापाशीच आहे. ते पुढे येईल.

हे भजन तुकडोजी महाराजांचं. त्यांची भजनं खंजिरीच्या ठेक्यावर ऐकली की शब्द गिळले जातात. म्हणून ठेका बाजूला ठेव आणि कडवं साध्या बोलण्यासारखं मांड. 'राजास जी महाली, सौख्ये कधी मिळाली' हे सुटं ऐकलं तर वाटतं, राजाला सुख मिळालंच कधी? पण पुढे 'ती सर्व प्राप्त झाली' येतं. म्हणजे राजाला जी सुखं कधीकाळी मिळाली, ती सगळी मला इथे मिळाली. 'जी' दिसलं की त्याची 'ती' शोधायची. अर्ध्यावर थांबलं की अर्थ उलटा होतो.

आता रचना बघ. तीन ओळींना एक यमक आणि चौथी ओळ परत झोपडीत. तिजोऱ्या, चोऱ्या, दोऱ्या. महालात पहारे आहेत तरी चोऱ्या होतात. झोपडीच्या दाराला बांधायला दोरीसुद्धा नाही. त्याच्या पुढच्या कडव्यात महालाशी गेलं की 'मज्जाव', म्हणजे मनाई. इथे यायची भीती नाही. दोन्हीकडे नजर दारावर आहे, बघितलंस? कोणाकडे किती सामान आहे हे कवी मोजतच नाही. ते राखायला किती भ्यावं लागतं आणि किती माणसं बाहेर ठेवावी लागतात, ते मोजतो.

पहाऱ्यांचं म्हणशील तर आपल्या भोसल्यांकडेही ते होते. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले, दत्तक वारस इंग्रजांनी मानला नाही, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि वाड्यातलं जडजवाहीर लिलावात गेलं.

इथे एक चूक मोठी माणसंही करतात. गरिबीच बरी, असा अर्थ काढतात. 'माझ्या' हा शब्द विसरू नकोस: ही झोपडी बोलणाऱ्याने आपखुशीने आपली म्हटली आहे. नागपुरातल्या झोपडपट्टीत पावसाचं पाणी घरात शिरतं, तिथल्या माणसाला कोणी निवड दिलेली नसते. त्याला हे भजन ऐकवून गप्प करणं मला तरी पटत नाही. महाराजांनाही पटलं नसतं; त्यांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत गावाची सफाई, आरोग्य, बांधणी यांवर किती लिहिलंय ते आजोबांकडची प्रत उघडून बघ.

मस्कतचं उत्तर तुकाराम महाराजांच्या एका ओळीत आहे: 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी'. यात दोन शब्द तुला फसवतील. आज 'उदास' म्हणजे रडवेला. इथे अलिप्त, पैशात जीव न अडकलेला. आज 'वेचणं' म्हणजे शेतातला कापूस वेचणं. इथे 'वेच' म्हणजे खर्च. आजच्या अर्थाने वाचलंस तर 'दुःखी मनाने गोळा कर' असं काहीतरी भलतंच होईल. जुन्या गाण्याचा अर्थ लावताना ओळखीच्या शब्दावरच जास्त संशय घ्यायचा. अनोळखी शब्द आपण शब्दकोशात बघतोच. तर ओळ सांगते, सरळ व्यवहाराने पैसा मिळव आणि मन न गुंतवता खर्च कर. 'मिळवू नको' असं त्यात कुठेच नाही. मी मिळवायला आलेय. दुसरा अर्धा भाग मला किती जमतो, ते आजीला विचार. ती खरं सांगेल.

फ्लॅटचे भाव काढणाऱ्यांवर हसू नकोस. घर घेणं वेगळं आणि त्या घरी कोणी आलं की कपाळाला आठ्या पडणं वेगळं.

आता एका कडव्याचा अर्थ तू लाव. 'महाली मऊ बिछाने, कंदील शामदाने, आम्हा जमीन माने'. शामदान म्हणजे मेणबत्ती ठेवायचं उभं स्टँड, वाड्यात असायचं. 'माने' मात्र मी सांगत नाही. आडनाव नाही, मानही नाही. 'हे पाणी मला मानवलं' असं आजी म्हणते ना, तिथून सुरू कर आणि रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई