सेज कंपाइल होता होता मध्येच का थांबतं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम फक्त २ जीबी. त्यावर चालणाऱ्या लिनक्ससाठी सेजमॅथ (गणिताचं मुक्त सॉफ्टवेअर, थोडक्यात सेज) तयार मिळत नाही, म्हणून सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करायला घेतलं. लवकर व्हावं म्हणून एकदम चार कामं लावली. काही तासांनी ‘किल्ड’ असा शब्द येतो आणि सगळं थांबतं, तेही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. सोर्स खराब उतरला असेल का?
— विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : सोर्सला दोष देऊ नका. त्यात गडबड असती तर काम दर वेळी एकाच जागी अडलं असतं. तुमच्याकडे जागा बदलते आहे, म्हणजे मेमरी संपते आहे. अशा वेळी लिनक्सचा कर्नल भरपूर मेमरी खाणारी एखादी प्रोसेस मारून टाकतो आणि बिल्ड चालू असताना ती बहुतेक सी प्लस प्लसचा कंपायलरच असते. खात्री करायची असेल तर काम थांबल्या थांबल्या कर्नलचा लॉग उघडा. ‘आउट ऑफ मेमरी’ आणि मारलेल्या प्रोसेसचं नाव तिथे दिसेल.

आधी ‘मेक’ला (बिल्ड चालवणारी आज्ञा) ‘जे’ पर्यायात, म्हणजे एका वेळी किती कामं त्या आकड्यात, ४ ऐवजी १ द्या. वेळ जास्त लागेल, रात्रभर चालू ठेवायची तयारी ठेवा. मग ४ जीबीची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा : ‘डीडी’ने फाइल बनवायची, तिची परवानगी ६०० करायची, ‘एमकेस्वॅप’ आणि शेवटी ‘स्वॅपऑन’. पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर स्वॅप ठेवू नका. काम रेंगाळतं आणि कार्डही झिजतं.

याहून मोठी बचत वेगळीच आहे. जीएमपी, एमपीएफआर, फ्लिंट, पारी ही गणिताची पॅकेजेस लागतात. ही सगळी सेज स्वतः कंपाइल करू शकतं, पण तुमच्या लिनक्सच्या भांडारातल्या प्रती पुरेशा नव्या असतील तर त्याच वापरतं. म्हणून ‘कॉन्फिगर’ (बिल्डआधी संगणक तपासणारी स्क्रिप्ट) संपल्यावर शेवटी येणारी यादी वाचा, त्यातली पॅकेजेस (‘डेव्ह’ शेपटीसकट) टाका आणि ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवा. तासन्‌तास वाचतात.

वीज गेली किंवा काम थांबलं म्हणून ‘डिस्टक्लीन’ (झालेलं सगळं पुसून टाकणं) करायची घाई नको. पूर्ण झालेली पॅकेजेस सेज लक्षात ठेवतं. नुसतं ‘मेक’ दिलं की अर्धवट राहिलेलं तेवढं पॅकेज पहिल्यापासून सुरू होतं. ‘सुडो’ लावू नका, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून बिल्ड करायला सेज एरवी नकारच देतं. फोल्डरच्या पत्त्यात कुठेही मोकळी जागा नको. अ‍ॅनाकोंडा (पायथनचा तयार संच) चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर त्याच्या लायब्ररी मध्ये घुसतात आणि मग चूक भलतीकडेच दिसते.

पुन्हा अडलंच तर ‘लॉग्ज’ फोल्डरमधली त्या पॅकेजची फाइल उघडा. तळाशी ‘एरर २’ असं दिसतं, तो नुसता ‘मेक’चा निरोप असतो. वर सरकत जाऊन पहिली एरर शोधा. आम्हाला लिहिताना तीच ओळ आणि तिच्या आगेमागच्या वीसेक ओळी पाठवा. शेवटच्या ओळीच्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमधल्या नव्या संगणकावर सेज बिल्ड केलं आणि तेच फोल्डर जुन्या संगणकांवर कॉपी केलं. तिथे ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ येतं. लिनक्स तर सगळीकडे एकच आहे.
— प्राध्यापिका, हडपसर

उत्तर : लिनक्स एक असलं तरी प्रोसेसर वेगळे आहेत. जीएमपी कंपाइल होताना समोरचा प्रोसेसर ओळखतं आणि त्याच्यासाठीच असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचनांचा कोड) निवडतं. मॅट्रिक्सची गणितं करणारी ओपनब्लास लायब्ररीही तसंच करते. नव्या चिपमधल्या सूचना जुन्या चिपला ठाऊकच नसतात. सगळ्या संगणकांसाठी एकच प्रत हवी असेल तर सेजच्या ‘फॅट बायनरी’ (अनेक प्रोसेसरवर चालणारी प्रत) पर्यायाला ‘यस’ देऊन पहिल्यापासून बिल्ड करा. जीएमपी सुटं करत असाल तर ‘एनेबल फॅट’, ओपनब्लाससाठी ‘डायनॅमिक आर्च’ १. सर्वांत जुन्या संगणकावर बिल्ड करून तीच प्रत वाटणं हा सोपा मार्ग, पण हळू.

फोल्डर मात्र सगळीकडे अगदी त्याच पत्त्यावर ठेवा. तो पत्ता बिल्डच्या वेळीच फाइलींमध्ये कोरला जातो, नंतर हलवता येत नाही.

सुटं जीएमपी बसवण्याआधी ‘मेक चेक’ चालवाच. काही कंपायलर जीएमपीचा चुकीचा कोड बनवतात, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच नोंदवलेलं आहे. अशी लायब्ररी कुरकुर न करता चालते आणि उत्तरं चुकीची देते. गणिताच्या लॅबला ते परवडणारं नाही.

प्रश्न : पारी-जीपी (पारीचा ओळीओळीने आज्ञा घेणारा गणनयंत्र-प्रोग्रॅम) कंपाइल झालं, चालतंही, पण वरचा बाण दाबला की मागची ओळ येण्याऐवजी कंस आणि भलतीच अक्षरं उमटतात.
— वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : रीडलाइनचं (टाइप केलेल्या ओळी सांभाळणारी लायब्ररी) ‘डेव्ह’ पॅकेज नव्हतं. ते टाका आणि ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवा. नुसतं ‘मेक’ दिल्याने रीडलाइन जोडली जाणार नाही. पारीच्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टच्या नावातलं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं आहे, लहान टाइप केलंत तर ‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर येईल. बिल्ड झाल्यावर ‘मेक बेंच’ ही चाचणी चालवा आणि त्यात काही नापास झालं नाही तरच ‘मेक इन्स्टॉल’ करा.