वाचक विचारतात : वेळास, खाडी आणि भरतीचे गणित

प्रश्न : नाना फडणवीसांचे वेळास पाहायचे आहे. नकाशात दोन वेळास दिसतात. खरे कुठले? नाना तिथेच जन्मले ना? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : तुम्हाला हवे ते वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या दक्षिणेला आहे. दुसरे रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या बाजूला. मध्ये सावित्रीची खाडी असल्यामुळे चुकलात तर हेलपाटा मोठा पडतो. फोनच्या नकाशात नुसते 'वेळास' न टाकता पुढे 'मंडणगड' जोडा. श्रीवर्धनकडून येत असाल तर बागमांडल्याला जंगल जेटीवर (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर) गाडी चढवून वेशवीला उतरायचे आणि बाणकोटवरून पुढे जायचे. बडोद्याहून कोकणाकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या माणगावला किंवा वीरला थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी थांबे पाहून घ्या.

नानांचा जन्म मात्र वेळासचा नव्हे, साताऱ्याचा; १२ फेब्रुवारी १७४२. वेळास हे नानांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचे भट आणि अलीकडचे भानू सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून घाटावर गेले. त्या भटांमधले बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांच्याबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ साली तिथेच मारले गेले. गावातल्या महालक्ष्मी-रामेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार नानांनी केला. ते पाहून बाणकोटच्या किल्ल्यावर जरूर चढा. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा हा किल्ला १७५५-५६ च्या घडामोडींत इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. खाडीतून महाडच्या बाजूला माल आत जाई, म्हणून तर या टेकाडाला एवढी किंमत.

प्रश्न : कावी-कंबोईला समुद्र म्हणजे नुसता चिखल. वेळासला वाळू कशी? आणि ओहोटी कधी, हे घरबसल्या कळेल का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : कावी-कंबोई खंभातच्या आखातावर आहे. या आखातात मही, नर्मदा, साबरमती बारीक गाळ आणून टाकतात आणि दहा-दहा मीटरची भरती-ओहोटी तो सतत ढवळत ठेवते. वेळासचा किनारा उघड्या समुद्रासमोर आहे. लाटा बारीक गाळ धुऊन नेतात, जड वाळू मागे राहते.

ओहोटीसाठी पंचांग पुरते. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणून ४ ने भागा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा (प्रत्यक्षात बाराच्या आसपास). पक्ष कुठलाही चालतो. प्रतिपदेपासून पुन्हा १ धरून मोजायचे. भरती दिवसातून दोनदा येते, तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पुनवेच्या-अवसेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत मागेही जाते, अष्टमीच्या भांगाला (कमी जोराच्या भरतीला) फरक कमी. हा हिशेब कोकणापुरताच. कंबोईला तो लावून भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या स्तंभेश्वर महादेवाचे दर्शन घ्यायला निघालात तर फसाल, तिथे तिथल्या वेळा विचारा.

प्रश्न : वेळासला कधी जावे म्हणजे कासवे दिसतील? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री वर येऊन शंभराच्या आसपास अंडी घालतात. पिल्ले दीड-दोन महिन्यांनी निघतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल बरे. कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी अंडी उचलून कुंपणातल्या दीडेक फुटाच्या खड्ड्यात ठेवतात, तीही न उलटवता. काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, मग अंडे फिरले की तो मरतो. पिल्ले सकाळ-संध्याकाळ सोडतात, पण नेमक्या तुमच्याच दिवशी निघतील याचा भरवसा नाही. दोन मुक्काम ठेवा. टॉर्च आणि फ्लॅश बंद. पिल्लू उजेडाकडे वळते, आणि तुमच्या हातातला उजेड समुद्राच्या उलट दिशेला असतो.