सुरकुतलेली वसाहत दिसली म्हणून कल्चर फेकू नका

कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टचा एकच स्ट्रेन (वाण), तेच पोषक माध्यम, तेच ३७ अंश. तरी एका आठवड्यात वसाहती (प्लेटवर वाढलेले पेशींचे पुंजके) गुळगुळीत आणि पुढच्या आठवड्यात सुरकुतलेल्या, कडेने तंतू फुटलेल्या. तुम्ही कल्चर (वाढवलेलं यीस्ट) दूषित झालं समजून सगळं टाकायच्या बेतात आहात. थांबा! मी नेमकं हेच केलं होतं. मूळ साठ्याची शेवटची नळीसुद्धा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने सगळं मारणाऱ्या यंत्रात, घातली, त्याची हळहळ अजून जात नाही.

दोष कल्चरचा नव्हताच. इनक्युबेटर सामाईक होता आणि पेशी वाढवणारे सहकारी अधूनमधून त्यात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडत. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. माझ्या वहीत तापमान, वेळ, माध्यमाचा लॉट, सगळं होतं. वायूचा रकानाच नव्हता. उपकरणं सांभाळणाऱ्या विभागाकडे तीनदा नोंदी मागितल्या. दर वेळी एकच उत्तर, ‘तापमान बरोबर आहे.’ अहो, तापमान विचारलंय कोणी?

हा वायू पेशीत शिरला की त्याचं बायकार्बोनेट होतं. ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चेतवतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि गोल पेशी तंतू काढू लागते. म्हणून माझं ठाम मत : वायू नोंदवलेला नसेल तर आकाराबद्दलचा निष्कर्ष धरूच नये.

एकाच कल्चरच्या दोन प्लेट एकाच वेळी लावा, एक साध्या हवेत, एक ५ टक्क्यांत. पाण्याचा ट्रे दोन्हीकडे ठेवा, कारण नुसत्या कोरडेपणानेही वसाहतीचं रूप बदलतं. माध्यमाला बफर (आम्लता स्थिर ठेवणारा पदार्थ) हवाच. हा वायू माध्यम आम्ल करतो आणि आम्लात तंतू दबतात, मग काहीच उलगडत नाही. वसाहतीच्या कडेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मातृपेशीतून तंतू निघतो तिथे गळा आवळलेला नसेल तर खरा तंतू. आवळलेला असेल तर आभासी.

माझा अनुभव याच जातीपुरता आहे, इतर यीस्टना तो सरसकट लावू नका. बेकरीचं यीस्ट ऑक्सिजनशिवाय वाढवणार असाल तर अर्गोस्टेरॉल (एक स्टेरॉल) आणि ट्वीन ८० (असंतृप्त मेदाम्ल पुरवणारा पदार्थ) घालायला विसरू नका. ऑक्सिजन नसला की त्याला स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बनवता येत नाहीत.

आधी एक नळी गोठवून ठेवा. मग सिलिंडर कधी चालू-बंद झाला त्या तारखा वहीशी ताडून बघा आणि काय निघालं ते इथेच कळवा.