डेटा फीड घ्यायच्या आधी एवढं बघ

अरे भावा, तू पाठवलेला चार्ट बघितला. शेअर ट्रेडिंगच्या सुरुवातीलाच अ‍ॅमीब्रोकर आणि वर महिन्याचं डेटा सबस्क्रिप्शन (म्हणजे शेअरच्या भावांचा फीड) घ्यायची घाई करू नको. अ‍ॅमीब्रोकर म्हणजे नुसतं चार्टिंगचं सॉफ्टवेअर, डेटा त्यात येत नाही, तो ट्रूडेटा किंवा ग्लोबल डेटाफीड्ससारख्या व्हेंडरकडून वेगळा घ्यावा लागतो, हे पैसे भरल्यावर कळलेले बरेच जण पाहिलेत (मी पण त्यातलाच 😅).

पहिले काही महिने ब्रोकरच्या अ‍ॅपमधला चार्ट भरपूर झाला. फक्त हे बघ:

- डेटा लाइव्ह आहे का उशिराचा? सकाळी ९:१५ ला मार्केट उघडलं की चार्टवरचा भाव आणि ऑर्डर विंडोतला भाव शेजारी ठेवून बघ, लगेच कळतं.
- बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे जास्त शेअर करणं) चार्टवर अ‍ॅडजस्ट होतात का? नाहीतर १:१ बोनसनंतर चार्टवर शेअर अर्धा पडलेला दिसतो, मी एकदा असाच घाबरून विकून बसलो होतो.
- टेलिग्रामवरचा स्वस्तातला डेटा आणि क्रॅक सॉफ्टवेअर अजिबात नको. भर मार्केटमध्ये फीड बंद पडला तर विचारणार कोणाला?

आणि तुझ्या चार्टवरचे ते सात-आठ इंडिकेटर (भावावरून काढलेल्या रेषा वगैरे) काढ रे, कँडलच (भाव दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या) दिसत नाहीयेत. व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले) आणि एखादं मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (मागच्या काही दिवसांच्या भावाची सरासरी) ठेव, बास. स्विंगच (शेअर काही दिवस ठेवून विकणं) करणार असशील तर लाइव्ह फीडची पण गरज नाही, एनएसईच्या (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) साइटवर रोज संध्याकाळी भावकॉपी (त्या दिवसाच्या भावांची फाइल) फुकट मिळते.

टिक डेटा (क्षणाक्षणाचे भाव), एपीआय (आपल्या प्रोग्रॅममध्ये थेट डेटा घेणं) वगैरे नंतर बघू. आधी सांग, इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करणार का स्विंग?