दोन रात्रींसाठी कोल्हापूर की संभाजीनगर?

शनिवारी सकाळी कोथरूडहून स्वतःच्या गाडीने निघायचं, सोमवारी संध्याकाळी घरी परत. बरोबर सत्तरीतली, गुडघे दुखणारी आई आणि सहावीतली मुलगी. महिना डिसेंबर. कोल्हापूर की संभाजीनगर, एवढंच ठरत नाहीये, असं तुम्ही विचारलंय. माझं मत कोल्हापूरला. वेरूळचं कैलास लेणं कोल्हापुरातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा थोर आहे हे कबूल करून सांगतोय, म्हणजे कुणी वाद घालायला नको.

कारण असं की संभाजीनगरला आपण जातो ते शहरासाठी नाही, शहराबाहेरच्या गोष्टींसाठी. अजिंठा तिथून साधारण 100 किलोमीटर, वेरूळ 30. त्यात अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. तुमच्या तारखांत बसवून बघा. शनिवार जाण्यात गेला. संध्याकाळी फार तर बीबी का मकबरा. अजिंठ्याला रविवारीच जावं लागणार, म्हणजे नेमकं सगळा महाराष्ट्र येतो त्या दिवशी. गाडी फर्दापूर फाट्यावर सोडून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने, मग पायऱ्या. आईंसाठी डोली मिळते, पण चित्रांची लेणी अंधारी असतात. डोळे अंधाराला सरावल्यावरच पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हळूहळू दिसायला लागतो आणि तोवर मागची रांग पुढे ढकलत असते. सोमवारी वेरूळ करायचं तर तेही शहराच्या पलीकडे, पुण्याच्या उलट दिशेला. शिवाय कैलास पश्चिमाभिमुख आहे, दुपारनंतरचं ऊन आत आलं की तो खरा खुलतो. तुम्ही सकाळी घाईघाईने बघून बारा वाजता परतीला लागणार आणि संध्याकाळी शिक्रापूर-वाघोलीत अडकणार. नगर रोडवरून कोथरूडपर्यंत सगळं पुणं ओलांडणं हा एक वेगळाच प्रवास आहे, तो तुम्हाला मी सांगायला नको.

रजा बुधवार ते शनिवार अशी सरकवता आली आणि तीन रात्री मिळाल्या, तर मात्र मी बेधडक संभाजीनगर म्हणेन. एक अख्खा दिवस अजिंठा, दुसऱ्या दिवशी सकाळी दौलताबाद खालूनच बघायचं (आईंना वर चढवू नका), दुपारी वेरूळ. कैलासात गेलात की दक्षिणेच्या बाजूला कैलास पर्वत हलवणारा रावण आहे, मुलीला तो आधी शोधायला लावा. अखंड डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे मान वर केल्यावर कळतं.

आता कोल्हापूर. कोथरूडवाल्यांना चांदणी चौकातून लगेच हायवे, हाच पहिला फायदा. सातारा-कागल सहापदरीकरणामुळे साताऱ्यापुढे जागोजागी वळवलेला रस्ता लागतो, तेव्हा साडेचार-पाच तास धरा. सकाळी सहाला निघून नाश्ता वाटेत केला तर जेवायला कोल्हापुरात. गाडी हॉटेलवर लावून ठेवा आणि गावात रिक्षाने फिरा. अंबाबाईच्या देवळाजवळच्या बोळांत गाडी घालणं म्हणजे डोक्याला ताप. आणायचीच असेल तर बिंदू चौकात पार्किंग आहे. आईंचा विचार करून मी खोली देवळापाशी नाही, ताराबाई पार्क किंवा शाहूपुरीकडे घेईन. तिथे शांतता असते आणि लिफ्ट असलेली हॉटेलं मिळतात.

दर्शन शनिवार-रविवारी घेऊ नका, सोमवारी पहाटे घ्या. तरीही रांग दिसली तर मुखदर्शन घेऊन बाहेर या, आईंना तासभर उभं करण्यात पुण्य नाही.

शनिवारी दुपारी आराम करून खासबाग मैदान बघा. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं हे कुस्तीचं मैदान, मध्ये खोलगट हौदा आणि भोवती चढत जाणारी बसायची जागा. कुस्त्या नसल्या तरी काठावर उभं राहिलं की लांबच्या माणसालाही डाव कसा दिसत असेल ते समजतं. अंधार पडला की गंगावेशीतला दूध कट्टा. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून फेसासकट पेला हातात. पेला कोमट लागतो आणि ओठावर पांढरी मिशी उमटते. मुलगी खूश होईल. पण कच्चं दूध आहे, सवय नसेल तर घोटभर चव घ्या. आईंना तेवढंही देऊ नका.

रविवारी सकाळी लवकर पन्हाळा, 20 किलोमीटर. गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे आईंनाही नेता येतं. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ते इथूनच, आणि ही गोष्ट मुलीला चौथीपासून पाठ असणार. तीन दरवाजा आणि अंबरखाना एवढं पुरे. धान्याची ती प्रचंड कोठारं बघितली की वेढा इतके दिवस कसा सोसला हे वेगळं समजावावं लागत नाही. पन्हाळा आधी झाला असेल तर त्याऐवजी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर करा. 60 किलोमीटरच्या वर अंतर आहे, पण स्वर्गमंडपाच्या मधोमध उभं राहून वरच्या गोल उघड्या छतातून आभाळ बघण्यासाठी मी ते अंतर आनंदाने जाईन. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. नवीन राजवाड्याचं संग्रहालय दुपारी. पेंढा भरलेले वाघ-गवे मुलांना एक तर फार आवडतात किंवा अजिबात नाही.

खाण्याबद्दल पुणेकरांना एक सूचना. मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस येतात, त्यावर टिप्पणी करू नका. मांसाहारी असाल तर पांढरा रस्सा आधी नुसता प्या, तांबड्याने जीभ भाजल्यावर त्याची चव कळत नाही. चपला घ्यायच्या तर चप्पल लाइनला. तळ उलटा करून बघा, खिळे दिसले तर ठेवून द्या, चामड्याच्या वादीने शिवलेली घ्या. पहिले काही दिवस चावणारच, तेल लावत राहा.

सोमवारी दर्शन आणि मिसळ उरकून साडेअकराला निघा. जेवण कराडच्या पुढे कुठेही. उशीर केलात तर नवले पुलावर ऑफिस सुटायची वेळ गाठाल.