घोडा चालतो, कंबर शिकते

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. फिजिओथेरपी चालू आहेच, मग घोड्यावर बसवून करायच्या थेरपीने वेगळं काय होणार? (डिचोली)

चालताना आपली कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही. चालत्या घोड्याची पाठ बसणाऱ्याची कंबर जवळजवळ तशीच हलवते. घोडा मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं टाकतो, म्हणजे वीस मिनिटांत दोन हजार वेळा. थेरपिस्ट म्हणून माझ्या हातांनी व्यायामाच्या टेबलावर एवढं होत नाही, आणि झालं तरी तुमचा लेक तोवर रडून घर डोक्यावर घेईल! मांड्या फाकलेल्या राहतात, घोड्याचं अंग ३८ अंशांच्या आसपास ऊबदार असतं, त्यामुळे ताठलेले स्नायू सैल पडतात. म्हणून खोगिराऐवजी बरेचदा जाड कांबळं घालतात. मात्र आधी खुब्याचा एक्स-रे काढा. खुबा सरकलेला असेल तर बसवायचं नाही. आणि घरचे व्यायाम सोडू नका.

नात आठ वर्षांची, ऑटिस्टिक, बोलत नाही. शिमग्यात घोडेमोडणी आली की हरखते. घोड्यामुळे बोलेल का? (पेडणे)

आजी, घोडेमोडणीचे घोडे लाकडी, कमरेला बांधलेले, वर ढोल-ताशांचा दणदणाट. खरा घोडा तिला आवडेलच असं नाही. पहिले काही दिवस नुसता खरारा करू द्या. बोलेलच असं वचन देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. अमेरिकेत ६ ते १६ वयाच्या १२७ ऑटिस्टिक मुलांवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१५ साली छापून आला. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, शब्दही वाढले. आम्ही घोडा थांबवतो आणि गप्प राहतो. मुलीने ‘चल’ म्हटलं किंवा मानेवर थाप मारली, की घोडा निघतो. मागितलं की मिळतं, हे तिला तिथे कळतं.

मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तिला घोड्यावर बसवलं तर चालेल का? (फोंडा)

मानेचे वरचे दोन मणके सैल आहेत का, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मान दुखणं, चाल बदलणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर घोडा नको.

भावोजींच्या ओळखीत एकाकडे घोडा आहे. त्यावरच बसवलं तर? (म्हापसा)

नको. लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, शिवाय थेरपिस्ट आणि मुलाच्या डोक्यावर हेल्मेट, एवढं लागतं. छत्री उघडली तरी न बुजणारा घोडाही लागतो. आपल्याकडच्या उन्हात सकाळी नऊच्या आत आटोपायचं. पावसाळ्यात छप्पर नसेल तर चवथ होईपर्यंत सुट्टीच.